डॉक्टरकाकांचा डावा गुडघा

माणूस ओळखण्यात माझी नजर कधी चुकत नाही! तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतोय, उगाच नाही. म्हणून तर मालिकेतले डॉक्टरकाका म्हणजे हुबेहूब आमचे कुलूपवाले, हे पहिल्याच भागात माझ्या लक्षात आलं.

कुलूपवाले हे माझे एकुलते एक मित्र. बायको गेली त्या वर्षी मी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं. ते त्यांनी उघडून दिलं, चहा प्यायले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी येऊ लागले.

"अहो, तीच मान हलवणं, तेच लंगडणं! आणि काल डॉक्टरकाका काय म्हणाले, माहितीये?"

रोज माझं हेच. ते बिचारे ऐकून घ्यायचे. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. शेवटी म्हणाले, "एवढा माझ्यासारखा आहे, तर बघू तरी एकदा!"

मी खुर्च्या मांडल्या, चहा ओतला, आवाज वाढवला. आणि नेमक्या त्याच भागात डॉक्टरकाकांनी जिवलग मित्राच्या औषधात विष कालवलं! वर घराच्या कागदांवर त्याची सही घेतली!

कुलूपवाल्यांनी कप खाली ठेवला आणि ते उठले.

"अहो, कालपर्यंत असा नव्हता तो!" मी जिन्यापर्यंत ओरडत गेलो.

आठ दिवस ते फिरकले नाहीत. घर खायला उठलं. फ्रिज घरघरला तरी मी "आलो, आलो!" करत दाराकडे धावायचो. नवव्या दिवशी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतला, तडक त्यांचं दुकान गाठलं आणि गिऱ्हाइकादेखत त्यांच्या पायाशी बसून तो बांधायला लागलो.

"हे काय चाललंय?"

"तुमचा दुखरा गुडघा..."

"हा डावा आहे."

"हो ना!"

"माझा उजवा दुखतो," ते हळूच म्हणाले. "डावा तुमच्या त्या डॉक्टरचा."

गिऱ्हाईक हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर पाय चोळत बसला होता, आणि मी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी टीव्ही लावला नाही. दोन कप भरून नुसता बसून राहिलो. साडेसातला जिन्यात पावलं वाजली. एक जड, एक हलकं. बेल वाजायच्या आत मी दार उघडलं. पट्टा उजव्या गुडघ्याला होता!

"टीव्ही का बंद?" त्यांनी विचारलं.

"आज फक्त तुमच्याशी बोलायचं! सांगा, गुडघा कधीपासून दुखतो?"

"ते नंतर! आधी लावा लवकर, आज पोलीस धरणारेत त्याला! आठ दिवस वॉचमनच्या खोलीत उभ्याने बघतोय मी!"

लावला. काय करणार?

आता ते पुन्हा रोज येतात. ते टीव्हीकडे बघतात, मी त्यांच्याकडे. परवा धीर करून सांगितलं, की एकट्याला जेवण जात नाही हो. त्यांनी न वळता मान हलवली.

"अगदी डॉक्टरच्या त्या मित्रासारखं बोलता बघा तुम्ही!"

तो मित्र सोमवारच्या भागातच वारला.