मावशीची पापणी

मावशी म्हणजे शेळी. सूनबाईंनी तिला करडू असल्यापासून वाढवलेलं आणि लग्नानंतर माहेरून सोबत आणलेलं, म्हणून घरात सगळे तिला मावशीच म्हणत. आता ती अकरा वर्षांची, म्हणजे शेळ्यांमध्ये पणजीच. सूनबाईंची दीड वर्षाची मुलगी दुपारी झोपायची ती तिलाच टेकून.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड दिलं होतं. त्यावर शेळीच्या डोळ्याची पाच चित्रं, लालबुंदपासून पांढऱ्याफटकपर्यंत. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. जितका फिका, तितकं रक्त कमी. सूनबाईंनी ठरवलं, रोज सकाळी एकदा बघायचं. ठरवलं होतं ते एवढंच.

पण मावशी कागद खाते. (लग्नाचा दाखला तिच्याच पोटात गेला.) म्हणून कार्ड टांगलं स्वयंपाकघराच्या खिडकीला. गोठ्यात पापणी बघायची, रंग डोळ्यांपुढे धरायचा आणि धावत येऊन जुळवायचा.

पहिल्याच दिवशी चौथं चित्र जुळलं. चौथं म्हणजे गंभीर.

 मुलगी शेजारीच बसली होती, सूनबाईंनी तिची पापणी ओढली. तीही चौथी. मग गोठा झाडणाऱ्या सासूबाईंना धरलं.

"काय गं, काय शोधतेस?"

"रक्त."

"ते तू केव्हाच प्यायलीस."

सासूबाई चौथ्या. दात घासत आलेला नवराही चौथा. सूनबाईंनी आरसा आणून स्वतःला बघितलं आणि मटकन खाली बसल्या. बसल्या तशी मावशीच्या गालाखाली लिंबाएवढी गाठ दिसली.

नवऱ्याने चूळ भरली. "हे बघ, गाठ वाईट निघाली तर तिला दवाखान्यातून परत आणायचं नाही. या वयात तिचे हाल नकोत."

 सूनबाईंनी कार्ड पिशवीत टाकलं, मुलीला कडेवर घेतलं आणि मावशीचं दावं हातात धरलं. बाकीचे दोन चौथेही मागून निघाले.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासमोर उन्हातच पापणी ओढली. "दुसरं चित्र. या वयाला उत्तम. तुम्ही कुठे बघितलंत?"

"गोठ्यात."

"वर काय आहे?"

"निळी ताडपत्री."

"तिच्याखाली मीही आजारीच दिसेन. आणि कार्ड कुठे होतं?"

"खिडकीत."

 मावशीच्या गालावर बोटं ठेवून डॉक्टरीणबाई नुसत्या थांबल्या. सूनबाईंनी दावं मनगटाला गुंडाळून घेतलं. मावशीने सगळ्यांकडे एकदा बघितलं, जबडा हलवला, गाठ उजवीकडून डावीकडे नेली, सावकाश चावली आणि गिळून टाकली.

"रवंथाचा घास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गालात ठेवून दिला होता."

नवऱ्याने बायकोच्या मनगटाचं दावं हळूच सोडवलं आणि मावशीला घराच्या दिशेने वळवलं.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड उलटं केलं. "मागे ठळक लिहिलंय. उजेडात बघा, कार्ड डोळ्याशेजारी धरा. वाचता येतं ना?"

"सातवी पास आहे," सूनबाई खाली बघत म्हणाल्या.

"मागची बाजू आठवीला असते," सासूबाई म्हणाल्या.