शहाळ्यावरील वारास मंजुरी

विलास कुडाळकरने रबाळ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून एक यंत्रमानव बनवला आणि नेरूळ स्टेशनबाहेर शहाळी सोलायला उभा केला. एका हातात शहाळं, दुसऱ्यात कोयता. लोक पाणी कमी प्यायचे, व्हिडिओ जास्त काढायचे. तरी गाडी बरी चालली होती.

खंडेनवमीला त्याच्या पत्नीने, वैजयंतीने, यंत्राला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द : शस्त्रपूजन. साऱ्या ग्रुपने हात जोडले. एका सभासदाने हात जोडून वर तक्रारही जोडली.

शस्त्रधारी यंत्रमानवांची नवी नियमावली तेव्हा नुकतीच निघाली होती. कक्ष होता, निरीक्षक होते, फक्त यंत्रमानव मिळत नव्हता. निरीक्षक उदयसिंह दुसऱ्याच दिवशी हजर.

"साहेब, कोयता आहे हो. शहाळ्याचा."

"मग पूजा शस्त्र म्हणून का केलीत?"

"त्या दिवशी सगळ्याचीच करतात. शेजारच्या आशुतोषने लॅपटॉपची केली."

"त्याचा लॅपटॉप वार करतो? हे करतं. शिवाय मॅडमचा लेखी कबुलीजबाब आहे, झेंडूसकट."

"पुढच्या वर्षी मिक्सर पुजेन," वैजयंती पुटपुटली.

"आणि कोयता मीच हातात धरला तर?" विलासने विचारलं.

"खुशाल धरा. माणसांसाठी नियमावली नाही."

विलासला रबाळ्याचा कारखाना आठवला. यंत्राला सील लागलं, तर ज्या मॅनेजरला 'आता बघाच' म्हणून आपण निघालो, त्याच्याच दारात पुन्हा उभं राहायचं!

त्याचा चेहरा पाहून उदयसिंहांनी वाट काढली. यंत्राने आपल्या अकलेने वार करायचा नाही. वारामागे जबाबदार माणसाची मंजुरी हवी.

"जबाबदार माणूस कुठून आणू?"

"ज्याला तहान लागली, तो."

यंत्राच्या छातीवर पडदा बसला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत कक्षाचा मजकूर आला : 'सदर लक्ष्यावर, तसेच अशा यंत्रांच्या यापुढील सर्व लक्ष्यांवर वार करण्यास मी राजीखुशीने मंजुरी देत असून परिणामांस मीच जबाबदार आहे.' खाली हिरवं बटण : मान्य.

"यापुढील सर्व कशाला, साहेब?"

"दर शहाळ्याला नवा मजकूर कोण टाइप करणार?"

पहिलं बटण उदयसिंहांनीच दाबलं. त्यांना तहान लागली होती. मग रांग लागली.

"काय लिहिलंय गं?" एकीने विचारलं.

"मलई पातळ का जाड, तेच असेल. दाब ना पटकन!"

एका दुपारी यशराज नावाच्या गिऱ्हाइकाने आपलं हिरवं हेल्मेट शहाळ्यांच्या ढिगावर ठेवलं. यंत्राने ते उचललं आणि सफाईने सोललं. सुदैवाने आत डोकं नव्हतं.

उदयसिंह धावत आले. "जबाबदार कोण?"

"मान्य दाबलेले सगळे, साहेब," विलास हात जोडून म्हणाला. "पहिले आपण."

उदयसिंहांनी हेल्मेटच्या दोन फोडी जप्त केल्या. मग त्यांनी अहवाल लिहिला : इतक्या जबाबदार माणसांची देखरेख असलेलं यंत्र राज्यात दुसरं नाही. विलासचं सील टळलं. उलट पोलीस बंदोबस्तासाठी तसल्याच यंत्रांची मोठी ऑर्डर मिळाली, फक्त कोयत्याच्या जागी बंदूक. गर्दीवर चालवायला मंजुरी नव्याने घ्यावी लागणार नाही. ती घेऊन ठेवलेली आहे.

आम्ही कधी दिली, म्हणता? मध्ये नेरूळला उतरला होतात ना? पाणी गोड आहे, असं तुम्हीच म्हणालात.