गजाननबाबांचे दोन देश

आमच्या धारगळात आखातातून कुणी सुट्टीवर आलं, की त्याची बॅग उघडायच्या आत गजाननबाब दारात हजर. खजूर नको, अत्तर नको. हातात जुनं कॅलेंडर, त्याच्या पाठकोऱ्या बाजूला मधोमध ओढलेली रेघ. डावीकडे ओमान, उजवीकडे अमिरात.

"चहा तां रवांदे," ते म्हणायचे, "आधी सांग, थंय बाईमाणसान संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसलां तर कोण इचारता काय?"

गजाननबाब माझे शेजारी, बसचे निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर लोकांना पेडण्याहून म्हापशाला नेलं, स्वतः राज्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे फारसे गेले नाहीत.

प्रश्न समुद्रापासून मोठ्यानं गाण्यापर्यंत, उत्तरं भलतीच यायची. कोरगावचा प्लंबर म्हणाला, ओमानात कुणी विचारत नाही. त्याचा मेव्हणा म्हणाला, सगळेच विचारतात. तिथं स्वयंपाकाला असलेली एक बाई म्हणाली, "बसेन की, पण सुट्टी कोण देतो?" बाबांनी लिहिलं : मुभा आहे, वेळ नाही. बारा वर्षं अमिरातीत काढलेला एक गवंडी म्हणाला, "कॅम्प आणि साइट. समुद्र मी विमानातून बघितला." बाबांनी उजवीकडे लिहिलं : पुरुषांचीही चौकशी करावी.

एका सकाळी त्यांनी सगळं नीट उतरवून घ्यायला मला बोलावलं.

"इथं लिहिलंय मोठ्यानं गाता येतं, खाली लिहिलंय येत नाही," मी म्हणालो. "यातला ओमान कुठला?"

"दोन्ही ओमानच. तांच माका समजना नाय."

"पण जायचंय कुणाला?"

त्यांनी कॅलेंडरची घडी घातली. "वैशालीक."

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी, म्हापशाला नर्स. दोन्ही देशांतल्या इस्पितळांनी तिला बोलावलं होतं. 'बाबा, तुम्हीच ठरवा,' असं तीच म्हणाली होती. त्याला दीड महिना झाला.

"मग कुठला देश बरा?"

"खरां सांगू?" त्यांचा आवाज खाली आला. "दोन्ही वायट निघतले, मगे ती जावची नाय, म्हणान इचारी होतंय."

वैशाली चहा घेऊन दारातच उभी होती. "बाबा, मला यायला जरा उशीर झाला की तुम्ही टॉर्च घेऊन बसस्टॉपवर. ते कुठल्या बाजूला लिहिणार?"

तिनं कप ठेवले. "मी काल मस्कतला होकार कळवला."

बाबांनी चहा संपवला. मग "साखर कमी पडली" एवढंच म्हणाले.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ते मला बॅगांच्या दुकानात घेऊन गेले. एकेक बॅग दुकानाच्या पायऱ्यांवरून चढवून, उतरवून बघत होते. पाचव्या बॅगेला दुकानदार वैतागला.

"बाब, चाकां बरी आसत. आणि किते बघता?"

"हलकी होयी," गजाननबाब म्हणाले. "ओढूक थंय मी नसतलंय."