चार बोटं वरून

आमच्या चर्चमधला जुना पियानो थकला होता. त्याच्या अकरा पट्ट्या मुक्या झाल्या होत्या आणि माझी आत्या गेली सदतीस वर्षं त्यांना वळसा घालून गीतं वाजवत होती. आता तिच्या बोटांचे सांधेही आखडत चालले होते. डॉक्टरांनी एका वर्षाची मुदत दिली होती. आत्याला नव्हे, बोटांना.

"एकदा चांगल्या पियानोवर वाजवू दे रे," ती मला म्हणाली. "मग ही बोटं खुशाल संपावर जाऊ देत."

मी चर्चचा कार्यवाह. मी विषय रीतसर सभेपुढे ठेवला आणि तिथेच सगळं बिघडलं.

वापरलेला ग्रँड पियानो घ्यायचं ठरलं, निवड समिती नेमली. आत्याचं नाव निघताच अध्यक्षांनी चष्मा काढून हातात घेतला. "पियानो त्याच वाजवणार. म्हणजे हितसंबंध आले!" मुद्दा बिनतोड होता. त्याच निकषावर पियानो वाजवता येणाऱ्या प्रत्येकाला वगळण्यात आलं. मी सख्खा भाचा असूनही टिकलो, कारण मला घंटा आणि भोंगा यांतला फरक कळत नाही हे सर्वांना ठाऊक होतं.

दुकानात दोन पियानो होते. पहिला तपकिरी, झाकणावर चहाच्या कपांचे गोल डाग. पियानोचे सूर लावणारे काका सल्लागार म्हणून सोबत आले होते. त्यांनी त्याची एक पट्टी दाबली आणि तो आवाज विरेपर्यंत बडबड्या दुकानदारही गप्प राहिला. "हाच घ्या," काका म्हणाले.

दुसरा काळाभोर, चकचकीत. त्यात बघून खजिनदारांनी केस सारखे केले. काकांनी आत डोकावलं आणि मान हलवली. "तारांच्या खुंट्या ज्या लाकडात बसवल्यात, तेच चिरलंय. सूर टिकायचा नाही."

"ते लाकूड लोकांना दिसतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर!"

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात माझंही मत होतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. पॉलिशचे चौदा हात, पायांना पितळी चाकं, बसायला मखमली स्टूल. यात आठ महिने गेले. आतलं काम 'दुसऱ्या टप्प्यात' ढकललं. काकांनी कसेबसे सूर लावले. अध्यक्षांनी विचारलं, "हे किती दिवस टिकतील?" काका वैतागून हत्यारं पिशवीत कोंबत म्हणाले, "कोणी हात लावला नाही, तर बरेच दिवस!"

समितीने हा तज्ज्ञांचा अभिप्राय गांभीर्याने घेतला. पियानोभोवती दोरी बांधली, 'हात लावू नये' अशी पाटी लावली आणि झाकणाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात गेली.

पण उद्घाटनाला संगीत तर हवं. तेव्हा पियानोच्या पोटात एक स्पीकर बसवायचं ठरलं. पोटात जागा भरपूर होती. त्यावर ध्वनिमुद्रण लागेल आणि आत्याने पट्ट्यांपासून चार बोटं वर हात फिरवायचे. हे तिला सांगायचं काम अर्थातच कार्यवाहाकडे आलं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. उजव्या हाताची मूठ वळून पाहिली. पुरती वळली नाही.

"आणि वाजवायचं कधी?"

"दुसऱ्या टप्प्यात," मी म्हणालो. मला लाज वाटली, पण ठराव झालेला होता.

उद्घाटनाला चर्च खच्चून भरलं होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आत्या मखमली स्टुलावर बसली, स्पीकर लागला, तिचे हात हवेत फिरू लागले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिने ते थांबवले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वळून आमच्याकडे पाहत राहिली.

संगीत चालूच राहिलं. शेवटपर्यंत, एकही चूक न होता.

"आज त्यांच्या बोटांत काही वेगळंच होतं!" अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. मी इतिवृत्तात तसंच लिहिलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांत कोणालाच दिसलं नाही? दिसलं की. मला दिसलं आणि पहिली टाळी मीच वाजवली. दुसरी कोणाची, ते इतिवृत्तात नाही. पण माझ्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही होतात, आणि तुम्ही तर उभं राहून वाजवत होतात.