अहो नामक रोपाची फत्ते

हकीकत लिहिली जाते ती ऐसी जे, मामीसाहेबांनी हयातीत अंगणीच्या सफरचंदाचे फुलावर शेजारच्या झाडाचा पराग कुंचल्याने लावून संकर केला, आणि त्या बियांची बारा रोपे दह्याच्या डब्यांत वाढविली, आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर सासरच्या मंडळींची नावे खिळ्याने कोरून डब्यांत खोवली, आणि मग स्वतः निघून गेल्या. त्यांच्यामागे जुने झाडही वाळले. अंगणात जागा एका झाडाची, फळ धरण्यास सात वर्षे आणि मामासाहेबांची उमर त्र्याहत्तर. बारांतून चुकीचे रोप लागले तर मामींची मेहनत मातीत, ऐसा पेच पडला.

तेव्हा फळझाडांच्या प्रयोगशाळेत चाकरीस असलेल्या भाचीबाईंचा खलिता आला की, पानातला डीएनए तपासून फळ कैसे निघेल याचा अंदाज रोपपणीच लागतो, सबब पाने नंबर घालून रवाना करणे. मामासाहेबांनी डब्यांवर कागदी नंबर डकवून पाने धाडली, आणि मग उत्साहाच्या भरात रोपांवर ऐसा पाईप सोडला की बाराही नंबर वाहून मोरीत गेले. निकाल फोनवर आला, नऊ नंबर सर्वोत्तम. नऊ कोण?

"मामा, यादी केली नाहीत?"

"याद्या तुझी मामी करायची गं."

तेव्हा भाचीबाईंचा हुकूम सुटला की पाने फिरून नावानिशी पाठवणे. मग प्रयोगशाळेतल्या थोर यंत्रांपुढे नळ्यांवर 'थोरल्या जाऊबाई', 'धाकटे भावोजी', 'नणंदबाई' ऐसी नावे चढली, आणि तिथले मोठे साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले. जाऊबाई जहाल आंबट निघाल्या. भावोजी पहिल्याच बुरशीस शरण जाणारे. नणंदबाई, म्हणजे भाचीबाईंच्या मातोश्री, पिठूळ.

"मामा, आईला यातलं अक्षर कळता कामा नये!"

गोड, करकरीत आणि निरोगी ठरले ते एकच, सगळ्यांत वाकडे, ज्याच्या काडीवर 'अहो' कोरले होते.

"म्हणजे मी?" ऐसे गर्जून मामासाहेबांनी फोनसकट गिरकी घेतली.

उरलेली अकरा शेजारी वाटली, नावे गुप्त ठेवून. मग 'अहो'साठी कुदळ चालली, आणि त्याची काडी उपसली तो मातीत बुडालेल्या टोकाशी आणखी अक्षरे निघाली: 'वाकडं आहे, पण टाकू नका.'

 मामासाहेबांनी काडी पुसून होती तशी खोवली, आणि रोपास आधाराची काठी बांधली नाही. ऐसा अंगणाचा मुलूख सर जाहला, आणि वाकडेपणासुद्धा दप्तरी दाखल केला.