मडक्याला एकच भोक

निवृत्त ग्रंथपाल नानाजींनी उभ्या आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीही बायकोपुढे!

प्रमिलाबाई आठ दिवसांसाठी माहेरी, अल्लीपूरला निघाल्या होत्या. जाताना त्यांनी कढीपत्त्याचं रोप नवऱ्याच्या हवाली केलं. त्यांच्या आईने वारण्याआधी स्वतःच्या हाताने लावून दिलेलं ते शेवटचं रोप.

"हे मेलं तं मी आहो अन् तुमी आहा," त्या म्हणाल्या.

"निर्धास्त जा," नानाजी म्हणाले. "कुंड्यांवरची तीन पुस्तकं वाचली आहेत मी."

रोप होतं रंगाच्या रिकाम्या बादलीत. नानाजींनी प्रेमापोटी रोज दोन वेळा पाणी घातलं आणि सातव्या दिवशी पानं पिवळी पडली. त्यांनी पुस्तक उघडलं. 'भांड्याच्या बुडाला छिद्र नसल्यास मुळे कुजतात. मातीचे भांडे सर्वोत्तम.' एवढं वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. बायको दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती.

सकाळी ते बाजारात गेले. प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते, असं दुसऱ्या पुस्तकात होतं. सिमेंटची त्यांच्या कमरेला पेलली नसती. शेवटी ते कवडू कुंभाराकडे पोचले. कुंड्या आता कोणी घेत नाही म्हणून कवडूने त्या करणंच सोडलं होतं. होती ती फक्त मडकी.

"मग एक मडकंच द्या," नानाजी खालमानेने म्हणाले. "त्याला एक भोक पाडा. आणि जरा लवकर. वेळ नाही."

कवडूचा हात थांबला. एकटं मडकं, त्याला भोक आणि वर घाई, असं गिऱ्हाईक कशासाठी येतं हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक होतं. अशा वेळी कुंभार काही विचारत नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मुकाट्याने भोक पाडून दिलं आणि हात जोडले. बागकामाबद्दल माणसाला केवढा हा आदर, असं नानाजींना वाटलं.

नवं मडकं आधी भिजवावं, नाही तर ते रोपाचंच पाणी पितं, असं तिसऱ्या पुस्तकात होतं. नानाजींनी ते कवडूच्याच टाक्यातून भरलं, खांद्यावर दुपट्टा टाकला, त्यावर मडकं ठेवलं आणि सिंदी मेघेच्या रस्त्याने घराकडे निघाले. मागे पाण्याची बारीक धार लागली होती.

एक स्कूटरवाला थांबला आणि त्याने हेल्मेट काढलं. चौकातल्या खुशाल शिंप्याने मशीन थांबवलं, उभा राहिला आणि मग फोन कानाला लावला. सगळे आपल्याकडे का बघतात? जन्माचे लाजरे नानाजी घाबरले. एका हाताने त्यांनी पायजम्याची नाडी तपासली. शाबूत होती. मग तर ते जास्तच घाबरले. गल्लीबोळांतून लपतछपत, मोठा वळसा घालून घरी पोचायला त्यांना तासभर लागला.

फाटकाशी चपलांचा ढीग होता. अंगणात एकीकडे बाया, एकीकडे पुरुष, आणि भिंतीला टेकवलेले दोन हिरवे बांबू. ते खुशालने आणले होते.

नानाजी फाटकातच थबकले. प्रमिलाबाई आपला फोन घरीच विसरून गेल्या होत्या. म्हणजे अल्लीपूरहून निरोप शेजाऱ्यांना आला असणार. आपल्याला सांगायची कोणाची हिंमत होत नसणार.

शेजारची उज्वला पदरात तोंड खुपसून रडत होती. "जाताना मले लोणच्याची बरणी देऊन गेलती हो बाई."

नानाजींचा हात सुटला. मडकं खांद्यावरून मागे घसरलं आणि खळ्ळकन फुटलं. ते तिथेच खापरांत बसले. खुशाल धावत आला, त्यांना धरून हळूच कानाशी म्हणाला, "आत्ताच नाई नानाजी. ते तिथं गेल्यावर फोडा लागते."

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

हातात वांग्यांची पिशवी घेऊन प्रमिलाबाई उतरल्या. उज्वलाचा हुंदका अर्ध्यावरच अडकला. प्रमिलाबाईंनी बांबू पाहिले, माणसं पाहिली, खापरांत बसलेला नवरा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अवो," त्यांनी विचारलं, "कढीपत्ता मेला का?"

नानाजी लहान मुलासारखे रडायला लागले.

सगळं कळल्यावर प्रमिलाबाईंनी आधी तीस माणसांचा चहा ठेवला. मग दुसऱ्या शेगडीवर सळई तापवली आणि बादलीच्या बुडाला चार भोकं पाडली. पाच मिनिटांचं काम.

"यासाठी कुंभाराकडे गेलते?"

नानाजींनी पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. 'घरातली जुनी बादलीही चालते. फक्त बुडाला छिद्रे पाडावीत.'

कढीपत्ता जगला. खुशालने बांबू मात्र परत नेले नाहीत. तसे बांबू परत नेत नाहीत म्हणे. प्रमिलाबाईंनी ते अंगणात रोवून त्यांवर वालाचा वेल चढवला. शेंगा भरपूर लागतात, गल्लीभर वाटल्या जातात. नानाजींच्या घशाखाली मात्र अजून एकही उतरलेली नाही.