बिगर तालमीचं काम

रविवारी सकाळी अप्पांच्या घरात पाऊल टाकायचं असेल, तर आधी दोन्ही हात वर करावे लागतात. चपला बाहेर, घड्याळ बाहेर, मोबाइल बाहेर. मग अप्पा झडती घेतात. कॉलर उलटून पाहतात, बाह्या चाचपतात, खिशाच्या पार तळापर्यंत हात घालतात. एकदा त्यांनी माझ्या खिशातून डॉक्टरांनी बंद केलेला पेढा काढला, तोही नेमका आमच्या हिच्यासमोर. त्यापेक्षा कॉपी सापडली असती तर बरं, इतकं मला त्या दिवशी ऐकावं लागलं.

माझं वय बावन्न. एका ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवतो. आणि गेलं वर्षभर मी दर रविवारी पाचवीच्या मुलांच्या प्रवेश परीक्षेचा सराव पेपर सोडवत होतो. पास होत होतो, असं मी म्हटलेलं नाही.

अप्पा म्हणजे आमच्या समोरच्या घरातले मन्मथअप्पा. मूळचे उदगीरचे. तिथं त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. आता मुलगा आणि सून ते बघतात. बायको गेल्यावर अप्पा नातीच्या शाळेसाठी नांदेडला आले आणि विष्णुपुरीच्या वाटेवरच्या आमच्या गल्लीत आजोबा-नात असे दोघंच राहू लागले. जन्मभर भांडी विकल्यामुळे बोटाच्या पेरानं वाजवून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नाही. कलिंगड वाजवतात. भिंत वाजवतात. आमचं दार उघडं असलं तरी वाजवतात आणि "सागवान न्हाई हे" असं दर वेळी सांगून आत येतात. मी नवीन हेल्मेट घेतलं तेव्हा तेही त्यांनी वाजवून पाहिलं. मी ते घातलेलं होतं. "पोकळ हाय," म्हणाले. हेल्मेटबद्दलच म्हणाले असावेत.

त्यांचा दुसरा नाद तालमीचा. कुठलंही काम खरोखर करण्याआधी ते एकदा खोटं खोटं करून बघायचं. "बिगर तालमीचं काम म्हंजे बिगर कल्हईचं भांडं, मास्तर. वरून चकाचक, आन् आतलं वरण कळकून जातं." मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांनी एका डोळ्याला पट्टी बांधून गल्लीत फिरायची तालीम केली. तिच्यात ते आमच्या तुळशीवृंदावनावर आदळले, गुडघा सुजला आणि ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. अप्पांना त्याचं काहीच नाही. "बगा, तालीम केली म्हून कळलं," म्हणाले. काय कळलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अशा माणसाच्या नातीनं, लीलानं, एक दिवस जाहीर केलं की तिला लातूरकडच्या एका निवासी शाळेत जायचंय. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्तानं ती बाईंबरोबर तिथं जाऊन आली होती. तिथं दुर्बीण होती. त्या दुर्बिणीतून शनीची कडी दिसतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती जेवताना ताटाच्या कडेकडे बघत बसायची. प्रवेश सहावीला, त्यासाठी परीक्षा, जागा मूठभर, मुलं मात्र मराठवाडाभरातली. एकदाच बसता येतं. हुकलं की हुकलं.

"मंग तालीम पाहिजे," अप्पा म्हणाले, आणि माझे रविवार संपले.

माझं म्हणणं साधं होतं. बाजारात सराव प्रश्नपत्रिका मिळतात, मुलगी घरी बसून सोडवील. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना प्लास्टिकची घागर विकत होतो. "एकलं पोरगं बसलं तर तो घरचा अभ्यास झाला. परीक्षा म्हणल्यावर आजूबाजूला टाळकी लागतात. शेजारचा खोकला, पेन आपटलं, समदं ध्यानात ठिवावं लागतंय." म्हणून लीलाच्या उजव्या हाताला मी आणि डाव्या हाताला आमची ही, शैला. मागच्या रांगेत कुणी मिळेना, तेव्हा अप्पांनी तिथं एक पितळी घागर मांडली आणि तिच्यावर टोपी घातली. घागरीलाही बैठक क्रमांक होता. सांगायला लाज वाटते, पण शिस्तीचे गुण असते तर ती घागर माझ्या पुढं गेली असती.

परीक्षेची घंटा म्हणजे दुकानातली जुनी काशाची परात. लाटण्याचा एक ठोका म्हणजे सुरू. दोन ठोके म्हणजे संपलं, पेन खाली, हात वर. दुसऱ्या ठोक्यानंतर ज्याचं पेन कागदाला टेकलेलं दिसेल त्याचा पेपर अप्पा फाडून टाकत. माझा दोनदा फाडला. लीलाचा कधीच नाही. तिला इतकी सवय लागली, की एकदा आमच्या स्वयंपाकघरात ताटं पडली आणि रस्त्यावरून चाललेल्या लीलानं जागच्या जागी दोन्ही हात वर केले.

आता माझ्या गुणांबद्दल. गणितात कमी पडलो तर समजू शकतो. आकृत्यांच्या प्रश्नात कुठला त्रिकोण कुठं वळला हे मला आजही कळत नाही. पण मी पडलो मराठीत. एका आळशी कासवाचा उतारा होता आणि योग्य शीर्षक निवडायचं होतं. पंचवीस वर्षं शीर्षकांची समर्पकता शिकवल्यामुळे मला चारपैकी दोन शीर्षकं सारखीच योग्य वाटली, म्हणून मी दोन गोल काळे केले. वर त्यावर अप्पांशी वाद घातला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, एका पातेल्यावर दोन झाकणं ठिवताव का?" भोपळा मिळाला. शैलाला पैकीच्या पैकी. लीलानं मला बाजूला घेऊन समजावलं, "काका, आधी प्रश्न वाचायचा, मंग उतारा. तुमी उताऱ्यातच रमून जाताव."

तपासणीआधी अप्पा प्रत्येकाला सदऱ्याआतल्या कोपरीच्या खिशातून राजगिऱ्याचा एक लाडू देत. घागरीचाही लाडू असे, आणि घागर खात नाही म्हणून तो लीलाला मिळे. या एका बाबतीत केंद्रावर उघड उघड पक्षपात होता आणि त्याविरुद्ध केलेली माझी तक्रार फेटाळली गेली.

मग खरी परीक्षा आली. केंद्र शहरातल्याच एका शाळेत होतं. तिथं जाण्याचीही तालीम आम्ही रिक्षानं आधी केली होती, त्यामुळे शाळेचा चौकीदार आम्हाला ओळखून होता आणि त्याला आम्ही आवडत नव्हतो. लीला आत गेली. आम्ही कुंपणाच्या भिंतीशी उभे राहिलो. आत विजेची घंटा घणघणली आणि अप्पांचा चेहरा उतरला.

"मास्तर, पोरगी थांबून ऱ्हायली असंल."

मी म्हटलं, थांबेल कशाला, बाकीची मुलं लिहायला लागली की तीही लागेल. पण अप्पांना ते पटेना. परातीचा ठोका पडल्याशिवाय पेन उचलायचं नाही, हे त्यांनीच तिच्या अंगात भिनवलं होतं. ते भिंतीच्या कडेनं येरझारा घालू लागले. मी समजूत घातली, चिडलो, हात जोडले. शेवटी म्हणाले, "एकच ठोका द्या. तुमी शिकलेले हाव, तुमाला कोन बोलनार न्हाई."

परात माझ्याच पिशवीत होती. हे का, असं विचारू नका. केंद्राचा सगळा सरंजाम वाहण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे होतं. मी पाठ करून उभ्या असलेल्या बंदोबस्तावरच्या पोलिसाकडे एकदा पाहिलं, भिंतीला लागून असलेल्या वर्गाच्या खिडकीखाली गेलो आणि लाटण्यानं एक ठोका दिला. इथं थांबलो असतो तर ही गोष्ट अप्पांची राहिली असती. पण मागून "ओ साहेब" अशी हाक आली, मी दचकलो, आणि परात हातातून सुटून फरशीवर पडली. काशाची परात एकदा पडून गप्प बसत नाही. आपटली, उसळली, पुन्हा आपटली. ठण्ण. ठण्ण.

अगदी स्वच्छ दोन ठोके.

पोलिसानं विचारलं, हे काय चाललंय. मी खरं ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फार प्रेमानं म्हणाला, "सर, सावलीत बसा जरा."

आम्ही लिंबाखाली बसलो. अप्पांनी परात मांडीवर घेतली आणि तिची कड बोटानं चाचपत राहिले. त्यापेक्षा ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

लीला बाहेर आली ती माझ्याकडेच. "काका, मधीच दोन ठोके झाले. मी पेन ठिवून हात वर केले. बाकीचे लिहीत होते तर मला वाटलं, समद्यांचे पेपर फाडतेत आता." मग पर्यवेक्षक बाईंचं लक्ष गेलं आणि त्यांनी तिला लिहायला लावलं. शेवटचे काही गोल तेवढे काळे करायचे राहून गेले होते. अप्पांनी मान हलवली, खिशातून लाडू काढले, तिचा आणि घागरीचा, आणि तिला लाडानं म्हणाले, "खा, अव्वा. लई चांगलं केलंस. ठोका पडला की पेन खाली. नियम म्हंजे नियम."

निकाल लागेपर्यंत पेढा खाणार नाही, असं मी मनाशी ठरवलं. शैलाला माझी साखर एकाएकी उतरल्याचं आश्चर्य वाटलं. मी तिला औषधाचा गुण म्हणून सांगितलं.

निकाल लागला. यादीत लीलाचं नाव होतं. मी भर चौकात, सगळ्यांच्या देखत, दोन पेढे खाल्ले. आता माझे रविवार माझे झाले, असं मला वाटलं. पण शाळेत सोडायला आठवडाभर राहिला असताना अप्पा घरी आले. "लीलाला दोन दिस तुमच्याकडं ठिवून घ्या," म्हणाले. "तालीम करून बगू."

मी कपाळावर हात मारला. निवासी शाळेत राहायची तालीम समोरच्या घरात! पण शैलानं होकार दिला आणि मनावरही घेतलं. लीलाला स्वतःचं अंथरूण घालायला लावलं, ताट धुवायला लावलं, आवडत नसलेली दोडक्याची भाजी वाढली. पोरीनं सगळं केलं. भाजी खाल्ली, वेणी स्वतःची स्वतः घातली, आणि गादीवर पडल्या पडल्या झोपली. समोर स्वतःचं घर आहे हे ती विसरूनच गेली. तालमीत तिला कुठंही उणं काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दारात आलो तर पायरीवर अप्पा उभे. दार उघडंच होतं. त्यांनी ते वाजवलं नव्हतं. चपला बाजूला काढलेल्या आणि दोन्ही हात वर.

"अप्पा, हे काय?"

"झडती घ्या. परीक्षा चालू हाय न्हवं. बिगर झडतीचं आत कसं यावं."

मी हसलो. म्हटलं, लीलाची काळजी करू नका, तिनं दोडकासुद्धा खाल्ला, तिचा पेपर उत्तम चाललाय.

"तिची कुटं तालीम होती, मास्तर," अप्पा म्हणाले. "माझी होती."

हात तसेच वर होते. समोरच्या ओसरीवर घागर दिसत होती, टोपी घातलेली, आणि तिच्यापुढं दुसरं कुणी नव्हतं. 

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

"कोरा."

मग मी झडती घेतली. वर्षभरात पहिल्यांदाच माझ्यावर ते काम आलं होतं. सदऱ्याची कॉलर पाहिली, बाह्या चाचपल्या. आतल्या कोपरीच्या खिशात कागदाची पुडी लागली. आत राजगिऱ्याचे दोन लाडू होते. एक तिचा आणि एक घागरीचा.

आतून शैलाच्या आणि लीलाच्या हसण्याचा आवाज येत होता. नियमाप्रमाणे मी माल जप्त करायला हवा होता. मी पुडी होती तशी गुंडाळून त्यांच्या खिशात परत ठेवली.

"काही सापडलं नाही," मी म्हणालो. "जा आत."

अप्पांनी हात खाली घेतले. आत जाता जाता सवयीनं त्यांचं बोट आमच्या दाराला टेकलं, जरा वेळ तिथंच राहिलं. वाजवलं मात्र नाही.